नारळावरचा खेकडा

आमच्या विट्याच्या आसपास समुद्र नाही. नदी म्हणावी तर येरळा, आणि तिच्या पात्रात पाण्यापेक्षा शेळ्याच जास्त दिसायच्या. दुष्काळी जतकडून आलेल्या पाहुण्यांना तेवढंही पाणी फार वाटायचं, ही गोष्ट वेगळी. अशा या गावात एका दिवाळीला आमच्या अंगणात समुद्र आला. बैलगाडीच्या चाकाहून थोडा मोठा, काठाला शेणकाला लावून अडवलेला आणि धुण्याच्या निळीनं रंगवलेला. त्या एवढ्याशा पाण्यात माझ्या हौसाअक्काचं जमत आलेलं लग्न बुडायची वेळ आली होती.

समुद्र आणला तात्यांनी. तात्या म्हणजे माझे चुलते, हौसाअक्काचे वडील. विट्याची माणसं सोनं गाळायला मुलूखभर जातात, तसे माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कलकत्त्याच्या एका बोळात भट्टी घेऊन बसले होते. धाकट्या भावाला त्यांनी हाताशी नेलं. पण तेजाबाच्या धुरानं तात्यांना खोकला लागला. एकदा ते बंदरावर हवा खायला म्हणून गेले आणि हवा खात खात थेट अंदमानला पोचले. तिथं सरकारी लाकडाच्या गिरणीत ओंडक्यांवर खुणा मारायचं काम त्यांना मिळालं. मग लढाई पेटली, बेट जपान्यांनी घेतलं आणि पत्रं बंद झाली. दादा भट्टी मोडून विट्याला परतले, तात्या तिकडंच अडकले. गल्लीतल्या बायका काकीला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही या पेचात पडायच्या. काकीनं त्यांचा पेच सोडवून टाकला. बोलावण्याची वाट न बघता ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची आणि कपाळ पुढं करायची. लढाई संपल्यावर एका दुपारी सर्व्हिस मोटारीतून एक वाळका, काळा पडलेला माणूस उतरला. हातात एक गाठोडं, गाठोड्यात एक शंख आणि लाल लाकडाचा तुकडा. दारात उभं राहून तो नुसता बघत राहिला. काकी म्हणाली, "आधी पाय धुवा." मग आत जाऊन तिनं चुलीत एवढा जाळ घातला की पिठलं करपलं. आमच्या घरात त्या दिवशी करपलेलं पिठलं सगळ्यांनी मागून मागून खाल्लं.

आता आमच्याकडे अंदमान हे नाव कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते काळं पाणी. आणि काळ्या पाण्याला माणूस नोकरीला जातो, हे विट्यात कुणाच्या बापाला पटणार? दोन दिवसांत गावात ठरून गेलं की तात्यांनी कुणाला तरी उडवलं. कुणाला, यावर मात्र एकमत नव्हतं. कुणी म्हणे कलकत्त्याचा सावकार, कुणी म्हणे गोरा सायेब, आणि आमच्या शेजारची म्हातारी शपथेवर सांगायची की दोघंही. तात्या हजामतीला बसले की बाकी गिऱ्हाइकं न बोलता नंबर सोडायची. काकीला याची इतकी लाज वाटायची की ती आडाला पाण्यालाही भल्या पहाटे जायची. मला मात्र, खरं सांगते, त्या दिवसांइतका मान पुन्हा कधी मिळाला नाही. शाळेत ज्या पोरांनी माझी वेणी ओढून ओढून अर्धी केली होती, ती आपण होऊन मला बोरं द्यायला लागली. "तुझं चुलतं कवा रागावत्यात का गं?" असं एकानं विचारलं, तेव्हा मी फक्त एक सुस्कारा सोडला. नाटकात काम करायची माझी हौस पुढं कधी पुरी झाली नाही, पण तो सुस्कारा अजून माझ्या लक्षात आहे.

खुनी म्हणून मिळालेला हा मान तात्यांनी स्वतःच घालवला, कारण ते बोलायला लागले. संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की ते चुलीपुढं पाट घेऊन बसायचे आणि बेटावर जायचे. तिथं म्हणे एक खेकडा आहे, मांजराएवढा. तो नारळाच्या झाडावर चढतो आणि खाली आणून नांग्यांनी नारळ सोलून खातो. तिथली हरणं समुद्रात पोहत या बेटावरून त्या बेटावर जातात. सायबानं शिकारीसाठी हरणं आणून सोडली आणि वाघ आणायचा विसरला, त्यामुळे हरणांना आता बेट पुरत नाही. एक पाखरू स्वतःच्या थुंकीचं घरटं बांधतं आणि चिनी लोक त्या घरट्याचं कालवण करून पितात. समुद्रात एक गाय आहे, ती पाण्याखालचं गवत चरते. इथवर दादा गप्प ऐकायचे. गाय आली की विचारायचे, "दूध किती देती रं?" आणि सगळं घर हसायचं. तात्याही हसायचे, पण थोड्या वेळानं उठून बाहेर जायचे. हळूहळू खुनी तात्या मागं पडले आणि थापाड्या तात्या पुढं आले. दादा कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढून सोन्याचा कस सांगायचे. सख्ख्या भावाचा कस मात्र त्यांना लावता येत नव्हता.

जेवणातही बेट यायचंच. तात्यांना आमटीत खोबरं हवं असायचं. काकी म्हणायची, आमच्या भुईमुगानं काय घोडं मारलंय? आणि शेंगदाण्याचं कूट जरा जास्तच घालायची. एकादशीला मात्र तिनं रताळी उकडली, तर त्या वासानं तात्या पानावरून उठले. जपान्यांच्या वेळी शेवटी शेवटी बेटावर रताळ्यांशिवाय काही उरलं नव्हतं, आणि पुढं तीही नाहीत, एवढंच ते म्हणाले. ही गोष्ट त्यांनी कधी रंगवून सांगितली नाही. काकीनं त्यानंतर घरात रताळं आणलं नाही. आजही बाजारात रताळ्यांचा ढीग दिसला की माझा हात आपोआप मागं येतो.

त्या वर्षी अक्काला स्थळ आलं. सांगलीकडचं, कृष्णाकाठचं, मळ्याचं घर. मुलगा मास्तरकीचं शिकत होता. अक्का चुलीपुढं बसून उगीचच हसायला लागली होती, म्हणजे तिच्या मनात भरलं होतं. मुलाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, तुळशीचं लग्न झालं की मुलगी बघायला येणार होते. दादांनी सगळ्यांना समोर बसवून फर्मान काढलं. तात्या इतकी वर्षं कलकत्त्यालाच होते. समुद्र नाही, बेट नाही, खेकडा तर अजिबात नाही. "काळ्या पाण्याचा बाप म्हटल्यावर कोण करंल पोरगी?" असं म्हणून ते तात्यांकडे वळले. "ह्या तोंडातनं बेटाचं नाव काढायचं न्हाई. घे शपथ." तात्यांनी अक्काकडे बघितलं आणि शपथ घेतली.

शपथ तोंडाची होती, हातांची नव्हती. दिवाळीचा किल्ला मी आणि माझी मैत्रीण जैनब दर वर्षी करायचो. जैनब बागवानांची, तिच्या घरी दिवाळी नसायची, पण चिखल तर सगळ्यांचाच असतो. त्या वर्षी आम्ही दगड रचून वर पोतं टाकतोय, तोवर तात्या येऊन बसले. काही बोलले नाहीत. त्यांनी आमचा प्रतापगड हळूच मोडला आणि त्याच मातीचं एक लांबट बेट केलं, बाजूनं पाच-सहा लहान बेटं केली. त्यांच्याभोवती खणून शेणकाला लावला आणि काकीची निळीची पुडी पळवून समुद्र भरला. अळिवाचं रान उगवलं, तसतसं बेट खरं दिसायला लागलं. शेजारच्या म्हातारीनं काजळी आणून दिली. म्हणाली, काळं पाणी हाय तर निळं कसं? तात्यांनी ती परत केली. आम्ही बाजारातून आणलेले मातीचे शिवाजी महाराज मात्र त्यांनी बेटावर ठेवू दिले नाहीत. महाराज तिथं गेले नव्हते, मग ठेवायचे कसे, असं तोंड न उघडता त्यांनी नुसत्या हातांनी सांगितलं. महाराज घरात कोनाड्यात बसले. बेटाच्या एका टोकाला तात्यांनी दीपमाळेसारखा उंच मनोरा केला, जहाजांना वाट दाखवणारा. आणि मधोमध एक अजब इमारत केली. गाडीच्या चाकाचे आरे असावेत तशा सात भिंती आणि तुंब्याच्या जागी एक बुरूज. भिंतींना बारीक बारीक दारं कोरली आणि प्रत्येक दाराला कडी म्हणून मिरचीची एकेक बी खोचली. जैनबनं एरंडाच्या काडीचं नारळाचं झाड केलं आणि त्यावर मातीचा खेकडा चढवला. त्याच्या नांग्या तिनं दोनदा मोडून पुन्हा केल्या. दादा चिडले, पण पाहुणे यायला अवकाश होता. तोवर किल्ला मोडेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

पाहुणे भाऊबीजेलाच आले. अण्णांची बहीण विट्याच्या पुढच्या एका वाडीत दिलेली होती. ते तिच्याकडे ओवाळून घ्यायला आले होते, आणि आलोच आहोत तर डोकावून जाऊ म्हणून दुपार कलताना आमच्या दारात उभे राहिले. बरोबर त्यांची आई, थोरल्या बाई. हातात काठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नजर अशी की कोनाड्यातल्या महाराजांनीसुद्धा सरळ बसावं. घरात एकच धांदल उडाली. अक्का कणगीमागं लपली, काकीनं करंज्यांच्या ताटात चकल्या आणि चकल्यांच्या ताटात करंज्या घातल्या. दादा मुद्दाम अंगणाकडं पाठ करून असे रुंद होऊन बसले, जणू एकटेच समुद्र झाकणार होते. पण समुद्र तो समुद्र. अण्णांनी मान वाकडी करून विचारलं, "किल्ला झ्याक झालाय. कोणता म्हणायचा?"

"सिंधुदुर्ग," काकी म्हणाली.

"जंजिरा," दादा म्हणाले. दोघंही एकदम.

"दोन्ही येकच व्हय?"

"पोरांचं काय, अर्धा ह्यो, अर्धा त्यो," दादा म्हणाले आणि त्यांनी घाम पुसला.

"मग महाराज कुठं हायत? आन् झाडावर इंचू कशाला?"

"खेकडा हाय," जैनब दाराआडून पुटपुटली. तिच्या कलेचा अपमान झाला होता. तात्या भिंतीला टेकून खाली बघत बसले होते.

थोरल्या बाई उठल्या आणि काठी टेकत समुद्राच्या काठाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग काठीचं टोक त्या चाकासारख्या इमारतीवर धरलं. "आन् ह्ये काय?"

"घोड्यांची पागा," दादा घाईघाईनं म्हणाले.

"पागंला येवढ्या कड्या? आन् समद्या भायेरनं?" त्यांनी दादांकडं बघितलंच नाही. त्या तात्यांकडं वळल्या. "तुमी केलंसा न्हवं? तुमी सांगा."

तात्यांनी अक्काच्या दिशेनं बघितलं. अक्का चहाच्या कपबशांचं ताट घेऊन उंबऱ्यात आली होती. माझी खात्री होती की तात्या पागाच म्हणणार. एवढा एक शब्द, आणि अक्का मळ्याच्या घरात जाणार. तात्या म्हणाले, "पागा न्हाई आई. तुरुंग हाय. काळ्या पाण्याचा. मी तिथनंच आलोय."

दादांनी डोळे मिटले. अण्णा हातातली करंजी ताटात ठेवून उठायलाच लागले. काकी सांगायला लागली की नोकरी हो, लाकडाच्या गिरणीत, कुणाच्या केसाला धक्का लावला नाही हो माझ्या माणसानं. पण थोरल्या बाईंनी काठी आडवी धरून सगळ्यांना थांबवलं. त्या तिथंच अंगणात खाली बसल्या. मग त्यांनी जे विचारलं, ते विचारताना त्यांचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला.

"तिथं गोविंदा म्हणून कुणी बघितला का? हितं, भुवईवर, कोयत्याचा वण."

"कोण गोविंदा?" अण्णा म्हणाले. "मामा? मामा तर गोसावी हून काशीला गेल्ता न्हवं?"

"काशीला न्हाई गेला. पाटाच्या पाण्यावरनं मारामारी झाली, माणूस मेला. तुज्या आज्यानं काशी म्हणून सांगितलं, मग आमी समद्यांनी त्येच सांगितलं. तू गप रं आता."

म्हणजे दोन्ही घरांनी एकच गोष्ट झाकून ठेवली होती, फक्त आम्ही कलकत्ता म्हणत होतो आणि ते काशी. हे आमच्या दादांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हातारीच्या पाठीमागं उभे राहिले आणि तात्यांना मानेनं, डोळ्यांनी, दोन्ही हातांनी सांगायला लागले: व्हय म्हण. बघितला म्हण. काकीही पदर तोंडाशी धरून तेच सांगत होती. अण्णांची नजर मऊ झाली होती. त्या घटकेला तात्यांनी नुसतं म्हणायचं होतं की गोविंदा भेटला होता, सुखात होता, तुमची आठवण काढायचा, की लग्न जमलंच होतं. गावात थापाड्या म्हणून नाव झालेल्या माणसाला एवढीशी थाप जड नव्हती.

"न्हाई आई," तात्या म्हणाले. "न्हाई बघितला. आपल्याकडची दोन-चार म्हातारी माणसं भेटली, त्यांत गोविंदा न्हवता. असला तर मला गावला न्हाई."

दादा मटकन खाली बसले. थोरल्या बाई बेटाकडं सरकून बसल्या. म्हणाल्या, "मग जागा तर दावा."

आणि तात्यांनी जागा दाखवली. तात्यांच्या गोष्टी मी पूर्वीही ऐकल्या होत्या, पण त्या हसणाऱ्या माणसांना सांगितलेल्या होत्या. त्या दिवशी ते मातीवर बोट ठेवून सावकाश सांगत होते. हे बंदर, इथं बोट लागते. समोरच्या या लहान बेटावर सायबांचे बंगले होते, चर्च होतं, पावाची भट्टी होती. आता तिथं नुसत्या भिंती. हा तुरुंग. भूकंपात त्याचा बुरूज तडकला, जपान्यांनी दोन आरे पाडून दगड नेले, पण गोविंदा गेला तेव्हा असा सबंध असणार. जो तुरुंगात नीट वागला, त्याला पुढं बाहेर काढून जमीन द्यायचे. या टेकड्यांमागं त्या सुटलेल्या माणसांची गावंच आहेत. भात पिकवतात, आंबे लावलेत, काहींनी लग्नंही केली. तुमच्या भावानं केलं का, मला ठाऊक नाही. हे पलीकडलं रान तिथल्या मूळ माणसांचं. त्यांना आम्ही नको होतो, आणि का हवे असणार? जपान्यांच्या वेळी फार माणसं भुकेनं गेली, ते त्यांनी लपवलं नाही, पण बोट तिथून लवकर पुढं नेलं. "हितं, ह्या काठावर, म्हातारी माणसं सांजची बसायची. काळोख पडला की लाटंला उजेड यायचा. पाण्यात हात घातला की हात पेटल्यागत दिसायचा. काळं कसलं, आई. येवढं निळं पाणी मी जल्मात बघितलं न्हाई."

थोरल्या बाईंनी एक बोट आमच्या समुद्रात बुडवलं. काकीची नीळ त्यांच्या नखाला लागली. मग त्यांनी झाडाकडं बघून विचारलं, "आन् ह्यो खेकडा?"

दादा जोरात खोकले. तात्या घुटमळले. मग त्यांनी तो खेकडा सांगितला. खालच्या अंगाच्या एका लहान बेटावर बोट गेली असताना डोळ्यांनी बघितलेला, मांजराएवढा, नारळावर चढणारा. अण्णांना हसू आवरेना. "पावणं, बाकी समदं ऐकलं," ते म्हणाले, "पर ही मातुर थाप झाली."

"तू हसू नगंस," थोरल्या बाई म्हणाल्या. "गोविंदा बघितला म्हटलं असतं तर ह्यांच्या पोरीचं लगीन आत्ता जमलं असतं. ते न्हाई बोलला ह्यो माणूस. मग खेकड्याचं खोटं कशाला सांगंल?"

आमच्या घरात त्यानंतर कुणी तात्यांना थापाड्या म्हटलं नाही. मी पुढं बरीच वर्षं अनेकांना तो खेकडा सांगत आले. कुणी हसलं की मला म्हातारीचा तो प्रश्न आठवतो आणि त्याचं उत्तर अजून मला कुणी दिलेलं नाही.

अक्काला बघायचं राहूनच गेलं होतं. चहाचं पाणी झालेलं ताट घेऊन ती अजून उंबऱ्यातच उभी होती. थोरल्या बाईंनी तिला हाक मारली. सगळ्यांना वाटलं, आता नाव विचारतील, चालून दाखव म्हणतील. त्यांनी विचारलं, "पोरी, ओवाळायचं ताट हाय का घरात?" माझ्या धाकट्या भावासाठी लावलेलं ताट होतंच. दिवस मावळला होता आणि पश्चिमेला दुजेची बारीक कोर दिसत होती. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. थोरल्या बाई लग्न होऊन आल्यापासून चंद्रालाच ओवाळत होत्या. त्यांच्या सासरी कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चंद्राकडं पाठ केली. पदर सावरून, अक्काच्या खांद्याचा आधार घेऊन त्या वाकल्या आणि आमच्या चिखलाच्या बेटाला त्यांनी ओवाळलं. कुंकवाचं बोट कुठं लावावं ते त्यांना कळेना, तेव्हा तात्यांनी त्या म्हाताऱ्या माणसांच्या काठाकडं बोट केलं. मग ताटातली पणती उचलून बाईंनी ती दीपमाळेसारख्या मनोऱ्यावर ठेवली. मनोरा डळमळला, पण उभा राहिला, आणि सगळा निळा समुद्र एकदम उजळला.

अण्णांनी ताटात ठेवलेली करंजी पुन्हा उचलली होती. थोरल्या बाईंचा हात अजून अक्काच्या खांद्यावरच होता. त्यांनी पणती नीट बसली का बघितलं, मग शेजारच्या एरंडाच्या काडीच्या नारळाकडं नजर टाकली आणि जैनबला म्हणाल्या, "त्या खेकड्याला जरा बाजूला घे गं पोरी. पोळंल की त्यो."